एकेका दिवसाची गैरहजेरी घरात कोणी मोजत नाही

महोदय,

निकाल लागला की वर्तमानपत्रांची पानंच्या पानं टक्केवारीने भरून जातात. त्या टक्क्यांच्या आधी वर्षभर शाळेत रोज आणखी एक आकडा लिहिला जातो, तो हजेरीचा. त्याबद्दल सहसा काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. मी एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. पहिला तास संपला की सगळ्या वर्गांचे कॅटलॉग माझ्या टेबलावर येतात. गैरहजर मुलांची यादी करायची आणि घरी फोन लावायचे, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. शिक्षकांसमोर मूल असतं. माझ्यासमोर त्याच्या नावापुढची आख्ख्या महिन्याची ओळ असते, आणि काही गोष्टी त्या ओळीतच आधी दिसतात.

मोठ्या आजारपणाची गैरहजेरी कोणाच्या नजरेतून सुटत नाही. मूल पंधरा दिवस आलं नाही की वर्गशिक्षक चौकशी करतात, मैत्रिणी वह्या पोहोचवतात, घरचेही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या ओळींची. एका आठवड्यात सोमवार गेला. मग दहा-बारा दिवस सगळं सुरळीत. मग एक शुक्रवार, त्याला जोडून शनिवार. पुढच्या महिन्यात पुन्हा सोमवार, चाचणीच्या आदल्या दिवशी एक, घरातल्या कार्याच्या दुसऱ्या दिवशी 'दमलाय' म्हणून एक. प्रत्येक वेळी कारण असतं आणि त्या त्या दिवशी ते पटण्यासारखंही असतं. घरातल्यांच्या लक्षात फक्त शेवटचा दिवस राहतो. सहामाहीला मी एकूण आकडा सांगते तेव्हा समोरून हमखास येणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, इतके कसे होतील? तुमच्या कॅटलॉगमध्येच काहीतरी चुकलं असेल." ही माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखर तसंच वाटत असतं.

साधा हिशेब करून पाहा. शाळेचं वर्ष दोनशे दिवसांचं धरलं आणि महिन्याला दोनच दिवस बुडाले, तरी दहा महिन्यांत वीस दिवस होतात. म्हणजे दहा टक्के. रोज सात तासिका धरल्या तर एकशे चाळीस तासिका. इंग्लंडच्या शिक्षण खात्याच्या नोंदींत दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडवणारं मूल 'सतत गैरहजर' या गटात जातं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही हीच रेषा धरतात. रजेचा अर्ज दिला होता की नव्हता, याने त्या मोजणीत फरक पडत नाही, कारण अर्ज दिला म्हणून बुडालेला तास परत होत नाही. पालकांना मात्र नव्वद टक्के हजेरी म्हटलं की बरंच वाटतं. गुणांच्या हिशेबात नव्वद म्हणजे कौतुक, त्यामुळे हजेरीचे नव्वदही चांगलेच, असं ते धरून चालतात. हजेरीत नव्वद ही धोक्याची रेषा आहे, हे मला दर वर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं.

उशिराचंही तेच. रोज पंधरा मिनिटं उशीर म्हणजे वर्षाचे पन्नास तास, आणि शाळा दिवसाला पाच तासांची धरली तर पुरे दहा दिवस. त्यातही पहिला तास बहुधा ठरलेल्या एक-दोन विषयांचाच असतो. एकाच विषयाची सुरुवात वर्षभर बुडत राहते, आणि मग 'तो विषय त्याला जमतच नाही' असं घरी बोललं जातं.

प्राथमिक शाळेत एकच बाई दिवसभर वर्गावर असतात. काल कोण नव्हतं, कोणाचं काय राहिलं, हे त्यांच्या ध्यानात असतं. माध्यमिकला दर तासाला शिक्षक बदलतात. गणिताच्या सरांना वाटतं मुलगी आजच नव्हती, विज्ञानाच्या बाईंना वाटतं परवाच नव्हती. सगळं एकत्र करून पाहणारं कोणी नसतं. शिवाय विषयांची बांधणीच अशी, की अवयव पाडण्याचे दोन दिवस बुडाले तर पुढच्या महिन्यातली वर्गसमीकरणं अडतात, आणि तोवर ते दोन दिवस कोणालाच आठवत नाहीत. मैत्रिणीची वही उतरवून काढली की राहिलेलं भरून निघालं, असं पुष्कळ घरांत मानतात. वहीत उत्तर असतं. सरांनी फळ्यावर कुठे थांबून काय विचारलं, कोणाचं कुठे चुकलं आणि का चुकलं, ते वहीत नसतं. प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक तर उसनं आणताच येत नाही. शिकागोमध्ये एलेन ॲलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००७ साली नववीतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण नापास होणार हे आठवीच्या परीक्षेतल्या गुणांवरून जितकं कळतं, त्याहून कितीतरी चांगलं नववीतल्या हजेरीवरून कळतं, असं त्यांना आढळलं. वर्षानुवर्षं कॅटलॉग हाताळणाऱ्या कोणालाही हे पटेल.

मग घरच्यांनी करायचं काय? पहिली गोष्ट अगदी साधी आहे. दिवस मोजायचे. फिलाडेल्फियात टॉड रॉजर्स आणि ॲव्ही फेलर या संशोधकांनी २८ हजारांहून अधिक कुटुंबांवर एक प्रयोग केला. काही पालकांना वर्षभरात टपालाने पत्रं गेली. आपलं मूल एकूण किती दिवस आलेलं नाही, याचा आकडा त्यांत होता. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत आकडा पोहोचला तिथे फार गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घटलं. दंड नाही, धमकी नाही, फक्त आकडा. वर्गातल्या बाकीच्यांच्या तुलनेत तुमचं मूल कुठे आहे, हेही काही पत्रांत लिहून पाहिलं, पण त्याने वेगळा काही फरक पडला नाही. शेजारच्या मुलाचं उदाहरण देण्याची सवय असलेल्या घरांनी हे जरूर वाचावं.

हल्ली मी पालकांना सांगते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बुडालेल्या दिवशी खूण करा आणि शेजारी कारणाचं एक अक्षर लिहा. एका आईने हे नेमाने केलं. मुलगा आठवीत होता, तब्येतीने चांगला, तरी दर थोड्या दिवसांनी सकाळी त्याचं डोकं दुखायचं. दोन महिन्यांनी ती कॅलेंडरचं पान हातात घेऊनच कार्यालयात आली. 'डो' असं लिहिलेल्या बहुतेक खुणा बुधवारच्या रकान्यात, एकाखाली एक. आम्ही वेळापत्रक काढून शेजारी ठेवलं. बुधवारी भाषेच्या तासाला एकेकाला उभं करून धडा मोठ्याने वाचायला सांगत असत. मुलगा वाचताना अडखळायचा, वर्ग हसायचा. घरी त्याने हे कधी सांगितलं नव्हतं, आणि डोकं मात्र खरंच दुखत होतं. बाईंना सांगितल्यावर त्यांनी एवढंच केलं की त्याच्या वाट्याचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशी द्यायचा. वर्गाच्या हसण्याचंही त्यांनी नीट मनावर घेतलं. घरी आई संध्याकाळी तो परिच्छेद त्याच्याकडून दोनदा वाचून घ्यायची. लगेच सगळे बुधवार भरले असं झालं नाही, पण 'डो' विरळ होत गेले. हे सगळं त्या पानामुळे सापडलं. एकेका दिवसाकडे पाहून कोणालाच सापडलं नसतं.

मूल शाळा का टाळतं, याची मांडणी ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास केली, ती मला रोजच्या कामात उपयोगी पडते. ते चार तऱ्हा सांगतात. शाळेतलं काहीतरी पाहिलं की जीव घाबरा होतो, त्यापासून दूर राहायचं असतं. चारचौघांसमोर उभं राहणं किंवा परीक्षा नको असते. घरच्या एखाद्या माणसाला सोडून जायचं नसतं, त्याचं लक्ष हवं असतं. किंवा शाळेबाहेर काहीतरी जास्त गोडीचं असतं. पहिल्या दोन तऱ्हांत मूल शाळेपासून पळतं, पुढच्या दोन्हींत दुसरं काहीतरी त्याला ओढतं. दोन्हींवर उपाय एक नाही. घाबरलेल्या मुलाला रागावून काही होत नाही, आणि मोबाइलपायी घरी थांबणाऱ्याला नुसतं गोंजारूनही काही होत नाही. म्हणून आधी कारण कळायला हवं. "का जात नाहीस?" या प्रश्नाला तेरा-चौदा वर्षांचं मूल खांदे उडवतं. "उद्या कुठले तास आहेत?", "मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतेस?", "जाता-येता सोबत कोण असतं?" अशा प्रश्नांना उत्तरं मिळतात. मधल्या सुट्टीच्या प्रश्नाला जे मूल गप्प होतं, त्याच्या घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी वर्गशिक्षकांना भेटावं. कोणी छळत असेल तर मुलाला 'घट्ट हो' म्हणून परत पाठवणं बरोबर नाही. काय घडलं, कधी आणि कुठे, हे लिहून शाळेला द्या. लिहून दिलेल्या गोष्टीची दखल घ्यावीच लागते.

भीतीपोटी घरी राहिलेल्या मुलाला त्या दिवशी इतकं हायसं वाटतं की दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड होते. तिसऱ्या दिवशी त्याहून. म्हणून अशा वेळी वाट पाहत बसू नये. सुरुवातीला दोनच तास बसू दे, वर्गात जमत नसेल तर थोडा वेळ ग्रंथालयात बसू दे, पण शाळेचा रस्ता तुटू देऊ नये. त्यासाठी आधी शाळेशी बोलून ठेवावं लागतं. सकाळी रोज उलट्या, रडणं, अंग थरथरणं असं असेल तर डॉक्टर आणि समुपदेशक दोघांनाही दाखवा. हे सोंग नसतं.

सकाळचं पुष्कळसं दुखणं आदल्या रात्रीचं असतं. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं, त्यामुळे लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. तो आळस नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं. माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, असं तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१४ पासून सांगते आहे. शाळेची वेळ पालकांच्या हातात नसते, रात्र मात्र असते. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा, आणि घरातल्या सगळ्यांचे. वडिलांचा फोन उशाशी आणि मुलाचा बाहेर, हा नियम आठवडाभरही टिकत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपू दिलं की रात्री झोप येत नाही आणि सोमवार जातो. माझ्या यादीत सोमवारी नावं जास्त असतात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टच लिहिते. दर महिन्याला ठरावीक दोन दिवस गैरहजर असणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात दिसतात. वर सांगितलेले दहा टक्के त्यांच्या बाबतीत एवढ्यानेच भरतात. वडिलांनी फोन उचलला तर 'पोटात दुखतंय' म्हणून घाईने ठेवतात. अंथरुणातून उठता येऊ नये इतकं दुखत असेल तर 'पाळीत दुखतंच' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावं, त्यावर उपचार आहेत. बाकीच्या मुलींसाठी दप्तरात जास्तीचं पॅड आणि एक बदलायचा कपडा कायम असावा. आणि शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी, कडी आणि कचऱ्याचा डबा आहे की नाही, हे पालकसभेत उठून विचारावं. मी शाळेत काम करत असूनही हे म्हणते, कारण पालक विचारतात तेव्हा ही कामं लवकर होतात. स्कॉटलंडने तर २०२० साली पाळीची साधनं गरजू प्रत्येकीला मोफत मिळावीत असा कायदाच केला, त्यात शाळांवरही तशी जबाबदारी टाकली.

काही घरांत मूल आजारी नसतं आणि घाबरलेलंही नसतं. धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नसतं, आजीला दवाखान्यात न्यायचं असतं, आईची कामाची पाळी बदललेली असते. बहुतेकदा थोरली मुलगी घरी राहते. अशा घरांना उपदेश करण्याचा मला अधिकार वाटत नाही. विनंती एवढीच, की फोनवर खरं कारण सांगा. लाज वाटते म्हणून 'ताप' सांगितला जातो आणि मला कॅटलॉगमध्ये ताप लिहावा लागतो. तापावर शाळेला काही करता येत नाही. 'दर मंगळवारी धाकट्याला बघायला कोणी नाही' एवढं कळलं, तर त्या दिवशीचा तास पुन्हा कधी बसवायचा, सकाळी थोड्या उशिराची परवानगी द्यायची का, वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या घराशी तुमची गाठ घालून द्यायची का, यावर बोलता तरी येतं. दवाखान्याची वेळ ठरवताना शाळा सुटल्यानंतरची मागून पाहा. पुष्कळदा मिळते, कोणी मागत नाही.

खरोखर ताप असेल तर मात्र मूल घरीच हवं. शंभर टक्के हजेरीचा हट्ट मी धरत नाही, आणि त्या प्रमाणपत्रांचा मला फारसा भरवसाही नाही. कॅलिफोर्नियात १५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. आधीच्या महिन्यांतल्या पूर्ण हजेरीबद्दल मुलांना अचानक बक्षीस दिलं, तर त्यानंतर त्यांची हजेरी वाढण्याऐवजी थोडी घटलीच. घरीही 'महिनाभर गेलास तर अमुक घेऊन देईन' म्हटलं की शाळेत जाणं हे उपकाराचं काम आहे, असं मुलाला वाटू लागतं. मूल आजारी म्हणून घरी असेल तर त्याला आजाऱ्यासारखं राहू द्या, पांघरूण, औषध, झोप. दुपारी बरं वाटलं म्हणून खेळ आणि संध्याकाळपर्यंत टीव्ही, असं झालं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बरं वाटेनासं होतं.

गैरहजेरीनंतरचा पहिला दिवस फार जड असतो, हे मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. वही अपुरी, धडा पुढे गेलेला, बाकावरची जागा दुसऱ्याने घेतलेली, आणि "कुठे होतास?" असं दहा जण विचारणार. पुष्कळ मुलांचा दुसरा दिवस याच धास्तीने बुडतो. आदल्या संध्याकाळी वर्गातल्या एकाला फोन करून काय शिकवलं, उद्या काय न्यायचं, एवढं विचारून घेतलं तरी निम्मं ओझं उतरतं. वर्षाच्या सुरुवातीलाच असे दोन सोबती ठरवून ठेवावेत, एक जवळ राहणारा आणि एक व्यवस्थित वही लिहिणारा. वही अपुरी असल्याबद्दल पहिल्या दिवशी ओरडा बसू नये म्हणून पालकांनी दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. माझ्या शिक्षक सहकाऱ्यांनाही सांगते, वर्गात पाऊल टाकणाऱ्या मुलाला आधी "बरं झालं आलीस" म्हणा, चौकशी तास संपल्यावर करा. आम्हा कार्यालयातल्या लोकांच्या फोनचा सूरही तपासायला हवा. पहिलंच वाक्य नियमाचं असलं की समोरचा माणूस खरं कारण सांगत नाही.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. शालेय वर्ष सुरू होण्याच्या आठवड्यात वर्षभराचं एक कोरं हजेरी कॅलेंडर अर्ध्या पानावर छापावं. प्रत्येक महिन्याला एक ओळ, दिवसागणिक चौकट, शेवटी महिन्याच्या बेरजेचा रकाना आणि त्यापुढे आतापर्यंतच्या एकूण बेरजेचा. दहाव्या गैरहजेरीला वर्गशिक्षकांना भेटायचं, अशी तळाशी एक सूचना असावी. मुलाने स्वतः खूण करावी आणि महिन्याच्या शेवटी आई-बाबांनी बेरीज करून सही करावी. आपण ते छापलंत, तर आमच्या शाळेत त्याच्या प्रती काढून प्रत्येक वर्गाच्या पहिल्या पालकसभेत वाटण्याचं काम मी करीन.

आपली विश्वासू,
एका माध्यमिक शाळेतील लिपिक